स्रोत : नवरा

"आर्वो! आहात ना आत?"

मी सौनात होतो, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या स्नानाच्या खोलीत. शनिवारची दुपार होती. धुराड्यातून धूर निघत असताना सौनाचं दार आमच्या गावात कुणी वाजवत नाही. आत माणूस उघडा बसलेला असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण डोरीन ब्रँट पुलाखालची. पुलाखालचे म्हणजे मोठ्या पुलाच्या दक्षिणेकडून आलेले. निवृत्त झाले की सरोवराकाठी घर घेतात आणि दोन वर्षांत गावातल्या सगळ्या समित्यांवर जाऊन बसतात. डोरीन इतिहास मंडळाची अध्यक्ष होती.

"आहे," मी म्हणालो. "कपडे नाहीत."

"चालेल, मी बाहेरूनच बोलते. आनंदाची बातमी आहे. तुम्ही पहिले आलात!"

"कशात?"

"गावात!"

मी तापलेल्या दगडांवर ओगराळंभर पाणी टाकलं. वाफेच्या आवाजात तिचं पुढचं बोलणं गेलं. मला वाटलं, ऐकू येत नाही म्हटल्यावर जाईल. गेली नाही. पुलाखालची माणसं उत्तर मिळाल्याशिवाय जात नाहीत.

वरची फळी हेल्मीची होती. वर उष्णता जास्त असते आणि तिला ती सोसायची. हेल्मी गेल्या नोव्हेंबरात गेली. मी अजून खालच्याच फळीवर बसतो.

शेवटी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. डोरीनच्या हातात काचेची ती पाटी होती, बोटानं चालवायची.

तिनं सांगितलं ते असं. आमचं साप्ताहिक 'हार्बर बीकन' बंद पडून बरीच वर्षं झाली. त्याचे सगळे जुने अंक कॉलेजच्या लोकांनी स्कॅन केले. मग कॉम्प्युटरनं ते वाचून काढले आणि कुणाचं नाव कितीदा आलं याची सूची केली. जुलैत गावाला दीडशे वर्षं होणार, तेव्हा मिरवणूक निघणार. पेपरात ज्याचं नाव सगळ्यात जास्त वेळा आलं, अशा हयात माणसाला उघड्या गाडीत बसवून मिरवायचं, असं मंडळानं ठरवलं होतं. तो माणूस मी होतो.

"चुकलंय काहीतरी," मी म्हणालो. मी जन्मभर काउंटीचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवला. असल्या माणसाचं नाव पेपरात यायचं ते ट्रक खड्ड्यात गेला तर. माझा एकदाच गेला होता.

"अहो, चुकतंय कसलं? ऐका." डोरीन वाचायला लागली. "काउंटीच्या जत्रेत भाजलेल्या गोड पदार्थांत रुबार्ब पायला पहिलं बक्षीस, आर्वो रांता. पुढच्या वर्षी परत आर्वो रांता. लूथरन चर्चच्या महिला मंडळाचे अध्यक्ष, आर्वो रांता. ईस्टरला ऑर्गन वाजवला. पुतणीच्या लग्नात आर्वो रांता यांनी फिकट जांभळ्या शिफॉनचा पोशाख घातला होता आणि खांद्यावर पांढरी फुलं लावली होती."

ती थांबली. टॉवेलातल्या मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"त्या काळात," ती हळूच म्हणाली, "आणि असल्या गावात! तुम्ही फार धीट होतात, आर्वो. मला खरंच कौतुक वाटतं."

"ती हेल्मी," मी म्हणालो.

"कोण हेल्मी?"

"माझी बायको."

"पण यात हेल्मी कुठेच नाही हो."

ते खरं होतं. तेव्हाची रीतच तशी होती. लग्न झालं की पेपरातून बाईचं स्वतःचं नाव जायचं आणि नवऱ्याचं यायचं. तिनं रुबार्ब पाय भाजला तर 'मिसेस आर्वो रांता यांचा रुबार्ब पाय', ऑर्गन वाजवला तर 'मिसेस आर्वो रांता ऑर्गनवर होत्या'. सगळ्यांच्या बायका अशाच छापून यायच्या. गावात सगळे सगळ्यांना ओळखायचे, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

"मग आता मशिनला सांगा," मी म्हणालो.

"मशिनला सांगा काय! कापडी फलक शिवायला गेलासुद्धा. तुमच्या नावाचा."

सोमवारी सकाळी को-ऑपच्या बेकरीत गेलो. तिथे आम्ही म्हातारे कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घ्यायला जमतो. बातमी माझ्या आधी पोचली होती. माझा मित्र ऑस्कर पेल्टोनेन खुर्ची ओढून देत म्हणाला, "बस बस, सावकाश बस. टाके दुखत असतील."

"कसले टाके?"

"बाळंतपणाचे! माझ्या जावयानं फोनवर काढून दाखवलं. 'आर्वो रांता नवजात मुलीसह रुग्णालयातून घरी परतले. दोघांची प्रकृती उत्तम.' अरे, आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीस? आम्ही निदान लोकरीचे मोजे विणून आणले असते."

सगळी बेकरी हसली. मीही हसलो. हेल्मी गेल्यापासून मला हसवायला लोक घाबरत होते. ऑस्कर घाबरत नाही. तेवढ्यासाठी मी त्याला सहन करतो.

"आणि तो जांभळा फ्रॉक," तो म्हणाला. "अजून आहे का रे कपाटात?"

"आहे," मी म्हणालो.

तो खरंच होता. ऑस्करनं मग कॉफीत साखर घातली आणि बराच वेळ ढवळत बसला.

लायब्ररीच्या तळघरात कॉलेजच्या नादीन फोर्निएबाई बसायच्या. स्कॅनचं सगळं काम त्यांचं. चाळिशीच्या असतील, चष्मा केसांत खोचून ठेवायच्या आणि मग शोधत बसायच्या. मी त्यांना म्हणालो, मला हेल्मी रांता बघायची आहे.

"लिहा इथे," त्यांनी कीबोर्ड पुढे केला. "आणि हे बटण दाबा."

मी एका बोटानं लिहिलं. बटण दाबलं. एकच बातमी आली, गेल्या वर्षीची. हेल्मी वारल्याची. ती शेजारच्या शहरातल्या पेपरातली होती, आमचा बंद पडल्यामुळे.

"माहेरचं नाव टाकून पाहा," बाई म्हणाल्या.

हेल्मी ओयाला लिहिलं. मग आल्या. शाळेत कवितेला बक्षीस, स्केटिंगच्या शर्यतीत तिसरी, टेलिफोन कचेरीत नोकरी. शेवटी, कुमारी हेल्मी ओयाला यांचा विवाह आर्वो रांता यांच्याशी संपन्न. त्यापुढे काही नाही.

"म्हणजे लग्न झालं आणि लगेच वारली," मी म्हणालो.

नादीनबाईंना हसू आलं आणि ते मध्येच विरलं. त्यांनी चष्मा शोधला, डोळ्यांवर घातला आणि माझं पान उघडलं. ते संपता संपेना. त्या वाचत गेल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मिस्टर रांता, यंत्राला आम्हीच सांगितलं होतं, बिनकामाचे शब्द टाकून दे म्हणून. मिस्टर, डॉक्टर, रेव्हरंड... आणि मिसेस. म्हणजे सगळ्या बायका नवऱ्यांच्या पोटात गेल्या. फक्त तुमच्या गावातल्या नाही. या किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांतल्या."

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील," मी म्हणालो. "कुणी हेल्मी रांता लिहून बटण दाबलं तर ती सापडली पाहिजे. मला तेवढंच हवंय."

"मिसेस परत आणता येईल. ते एका दुपारचं काम आहे. पण मग 'मिसेस आर्वो रांता' सापडेल, हेल्मी नाही. हेल्मी हे नाव कागदावर कुठे छापलेलंच नाही ना. ते कुणीतरी एकेक बातमी बघून सांगायला हवं, ही हेल्मी, हा आर्वो. आणि जुलैच्या आत. मिरवणुकीच्या आधी सूची पक्की होते, मग मी दुसऱ्या गावी जाणार."

"सांगणारा कोण लागतो? शिकलेला?"

"तिला ओळखणारा."

मग मी रोज जायला लागलो. मुलगी केव्हाच दूर गावी गेलेली, घरी तसंही काही नव्हतं. कॉफीची किटली आमची मोठी आहे, एकट्यासाठी केली की तळाशी जळते. ती थर्मासमध्ये भरून तळघरात न्यायचो. बाई बातमी वाचायच्या, मी सांगायचो आणि त्या टिपायच्या. प्रत्येक दुरुस्तीखाली एक रकाना होता, ही माहिती कुणी दिली त्याचा. पहिल्या दिवशी बाईंनी जरा विचार केला आणि त्यात लिहिलं, 'स्रोत : नवरा'.

"चालतं का असं?" मी विचारलं.

"यापेक्षा पुष्कळ वाईट स्रोतांवर इतिहास लिहिलेत लोकांनी."

रुबार्ब पायचं सोपं होतं. महिला मंडळाचंही. मधूनच एखादी बातमी अशी यायची की बाई वाचता वाचता थांबायच्या.

"'आर्वो रांता यांनी नगरसभेत उभे राहून तक्रार केली, की मिल स्ट्रीटवर बर्फाचा ट्रक चालवणारा इसम सगळा बर्फ लोकांच्या फाटकात ढकलून जातो. अशा इसमाला लाज वाटली पाहिजे.' मिस्टर रांता, ट्रक कोण चालवायचं?"

"मी."

"म्हणजे तुम्ही तुमचीच तक्रार केलीत?"

"हेल्मीनं केली. भर सभेत. माझं नाव घेतलं नाही, 'इसम' म्हणाली."

"आणि घरी आल्यावर?"

"मटाराचं सूप होतं."

"नाही, म्हणजे बोलणं काय झालं?"

"काही नाही. मी दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फाटकापाशी ट्रकचं बर्फ ढकलायचं पातं उचलायला लागलो. तिनं एकदा खिडकीतून बघितलं. संध्याकाळी दोन पाव जास्त वाढले. संपलं."

नादीनबाईंनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं त्या हसत होत्या.

दुसऱ्या आठवड्यात ऑस्करची बायको रूथ तळघराच्या जिन्यावरून धापा टाकत खाली आली. मागे ऑस्कर, टोपी हातात घेऊन. चेहरा पडलेला.

"कुठाय ते मशिन?" रूथ म्हणाली. "हा दोन आठवडे आर्वोच्या बाळंतपणावर दात काढतोय. आता याचं काढा बघू!"

बाईंनी काढलं. ऑस्कर पेल्टोनेन चार वेळा बाळंत झाले होते. त्यांनी शाळेच्या सभागृहात बायकांचे व्यायामाचे वर्ग चालवले होते. त्यांनी शर्यतीच्या निळ्या घोड्याचं चित्र असलेली गोधडी शिवून राज्यात दुसरा नंबर मिळवला होता.

"चौघं मी काढली," रूथ म्हणाली, "आणि नाव याचं! अरे, तू तर पहिल्याच्या वेळी मासे धरायला गेला होतास!"

"भूल पडली होती," ऑस्कर पुटपुटला.

"कुणाला? मला की तुला?"

रूथच्या रकान्यात बाईंनी लिहिलं, 'स्रोत : स्वतः'. रूथनं ते दोनदा वाचलं आणि मान डोलावली. घरी जाताना तिनं जिन्यावर ऑस्करला हात दिला नाही. त्याचा गुडघा दुखतो, तरी.

मग बायका यायलाच लागल्या. कुणी स्वतःसाठी, कुणी आईसाठी. तळघरात खुर्च्या पुरेनात. माझ्या थर्मासची कॉफी संपायची म्हणून रूथ आपली किटली आणायला लागली. ऑस्करला पाव कापायला बसवलं होतं. तो बारीक कापतो म्हणून त्याला ओरडाही खावा लागे.

एकाच बातमीवर वाद झाला. "'हिवाळी सणाच्या जेवणाला भांडी धुण्याची व्यवस्था आर्वो रांता पाहतील,'" बाईंनी वाचलं. "हेल्मी."

"नाही," मी म्हणालो. "तो मी."

रूथ इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "तू? भांडी? अख्ख्या गावाची?"

"त्या वर्षी हेल्मीचा हात मोडला होता. तिच्या ऐवजी मी धुतली. ती बाजूला स्टुलावर बसून सांगत होती, हे तेलकट राहिलं, ते तेलकट राहिलं."

"मी होते त्या जेवणाला. मला कुठे दिसलास?"

"तू नाचत होतीस."

"साक्षीदार कोण?"

साक्षीदार हेल्मी होती. मी तेवढंच म्हणालो. एवढे दिवस तिच्या सगळ्या गोष्टींना मी साक्षीदार होतो. माझ्या भांड्यांना तीच एक होती.

ऑस्कर पाव कापायचा थांबला. मग रूथनंच नाक शिंकरलं आणि म्हणाली, "लिहा बाई, लिहा. भांडी आर्वोची. पण तेलकट राहिली होती असंही लिहा."

बाईंनी दोन्ही लिहिलं.

जूनच्या शेवटी डोरीन फायली काखेत मारून खाली आली. "आर्वो, हे काय चाललंय? तुमचा नंबर कुठल्या कुठे गेला! आता तुमच्या नावावर काय उरलंय?"

"खड्ड्यात गेलेला ट्रक," नादीनबाई म्हणाल्या, "लग्न, आणि भांडी."

"तेलकट," रूथ म्हणाली.

"आणि पहिलं कोण मग?"

"हेल्मी रांता."

"त्या वारल्यात! नियमात हयात लिहिलंय. मेलेल्या माणसाला मी उघड्या गाडीत कसं बसवू? आणि फलक? तो तर शिवून आलाय!" ती खुर्चीत बसली. रूथनं तिच्या हातात कॉफी दिली. ती न पिता डोरीन पडद्याकडे बघत राहिली. तिथे हेल्मीचं पान उघडं होतं, सगळ्या वर्षांचं, खाली खाली जात राहणारं.

"यात फक्त इथलेच पेपर आहेत का हो?" तिनं जरा वेळानं विचारलं.

"कुणाला शोधायचंय?"

"असंच. माझी आई. मिसेस लेनर्ड ब्रँट. दक्षिणेतले पेपर यात नसणार, मला कळतं." मग ती म्हणाली, "विनिफ्रेड. मी तिचं नाव कधी छापलेलं पाहिलंच नाही."

नादीनबाईंनी दक्षिणेतल्या संग्रहाचा पत्ता तिला लिहून दिला. डोरीननं तो नीट घडी करून पर्समध्ये ठेवला, फायली उचलल्या आणि जिन्यापाशी वळून मला म्हणाली, "तुमच्या त्या ट्रकची चावी कुणाकडे असते?"

जुलैतली मिरवणूक नेहमीसारखीच झाली. पुढे बँड, मागे अग्निशामक दल, त्यामागे मी. काउंटीनं बर्फाचा ट्रक दिला होता. तो आता नवा आहे, पण पात्याचा दांडा तिथेच आहे. डोरीननं फलक पात्यावर ताणून बांधला होता. नवा शिवायला तिचा जीव होईना, म्हणून 'आर्वो'वर रूथकडून कापडाचं ठिगळ लावून घेतलं होतं. कापड फिकट जांभळं होतं. ते रूथनं मला विचारूनच कापलं होतं. त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं 'हेल्मी', आणि पुढे आधीचंच 'रांता'.

आमच्या गावची माणसं टाळ्या वाजवत नाहीत. मान हलवतात. ऑस्करनं को-ऑपच्या दारात टोपी काढली, रूथनं त्याला कोपरानं ढोसल्यावर.

मिल स्ट्रीटला वळलो. तिथल्या पहिल्याच फाटकापाशी माझा हात दांड्यावर गेला. जुलैचं ऊन होतं, रस्त्यावर धूळ होती. पातं उचललं. नाव वर गेलं. फाटक गेल्यावर खाली आणलं. पुढच्या फाटकाला परत उचललं.

मिल स्ट्रीटच्या टोकाला उन्हाळ्यापुरते येणारे लोक राहतात, पुलाखालचे. त्यांना गावातलं काही माहीत नसतं. खुर्च्या टाकून, टोप्या घालून ते बसले होते. त्यांना वाटलं, पातं त्यांच्यासाठीच वरखाली होतंय. त्यांनी फलक वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि एक बाई उठून ओरडली, "हाय, हेल्मी!" मग शेजारचे, मग पलीकडचे. पोरं ट्रकच्या बाजूनं पळायला लागली. "हेल्मी! ए हेल्मी! इकडे बघ!"

मी काच खाली केली आणि हात हलवला.